पडदेवालीची निनावी चिठ्ठी

त्रासदायक नातेवाइकांशी ख्रिस्ती माणसाने कसं वागावं, हे पडदे शिवून देणाऱ्या पडदेवालीइतकं छान सांगणारं आख्ख्या मंडळीत दुसरं कुणी नव्हतं. चर्चच्या महिला सभेत तिने या विषयावर चाळीस मिनिटं भाषण ठोकलं होतं. "सहन करायचं, प्रेम करायचं आणि उरलेलं प्रभूवर सोपवायचं. सोपं तर आहे," असं ती शेवटी म्हणाली, तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले होते. त्या वेळी तिच्या स्वतःच्या घरी त्रासदायक असं कुणीच नव्हतं, त्यामुळे भाषणात अडखळण्याचा प्रश्नच आला नाही.

पुढच्याच आठवड्यात नणंदबाई आल्या.

नणंदबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. चार दिवस म्हणून आल्या, त्याला आता पाचवा आठवडा लागला होता. पडदेवालीची शिवणाची खोली त्यांनी "हवेशीर आहे हं" म्हणत पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली. शिलाई मशीन गेलं बाथरूमसमोरच्या बोळात. घरातलं कुणी आंघोळीला निघालं की पडदेवालीने उठायचं, स्टूल उचलायचं, भिंतीला चिकटायचं आणि परत बसून तुटलेला दोरा ओवायचा. एका हॉटेलचे चौसष्ट पडदे महिनाअखेरीला द्यायचे होते. झाले होते अकरा. उशीर झाला तर पुढचं काम दुसरीला देईन, असं हॉटेलवाल्याने साफ सांगितलं होतं. इकडे मेट्रनताई घासलेली भांडी पुन्हा घासायच्या, अंथरलेल्या चादरीचे कोपरे उचकटून पुन्हा खोचायच्या, आणि वर म्हणायच्या, "तुझी चूक नाही गं. तुला कुणी शिकवलंच नाही."

पडदेवालीने प्रेम करून पाहिलं. ते साधारण मंगळवारपर्यंत टिकलं. मग ती नवऱ्याला म्हणाली, "तुमची बहीण आहे. कधी जाणार, ते तुम्हीच विचारा."

"विचारतो ना," नवरा म्हणाला, आणि त्याला एकाएकी ऑफिसचं काम आठवलं.

आता सोपवायला प्रभूच उरला होता. त्यांच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. ज्याला काही दुःख असेल त्याने ते नाव न घालता चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. रविवारी उपासना संपली की प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि ते दुःख आपलंच समजून महिनाभर प्रार्थना करायची. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पडदेवालीने डाव्या हाताने लिहिलं: 'आमच्याकडे एक वडीलधारी बाई चार दिवसांसाठी येऊन पाच आठवडे राहिली आहे. माझं काम बंद पडलं. घासलेली भांडी ती पुन्हा घासते. प्रभू, तिला तिच्या घराची आठवण होऊ दे.'

रविवारी पेटी उघडली. रांगेत पहिल्या मेट्रनताई. रांग दिसली की पहिलं असायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. घरी येऊन त्यांनी चष्मा लावला आणि पडदेवालीला समोर बसवलं.

"दुसऱ्याला दाखवू नये म्हणतात. पण तू काय, घरचीच. ऐक." आणि त्यांनी सगळी चिठ्ठी मोठ्याने वाचली.

आता आभाळ कोसळणार म्हणून पडदेवालीने डोळे मिटून घेतले.

"काय एकेक निर्लज्ज बायका असतात," मेट्रनताई म्हणाल्या.

पडदेवालीने एक डोळा उघडला.

"पाच आठवडे म्हणे. आणि भांडी पुन्हा घासते. मी घासते ती स्वच्छतेसाठी. ही बया नुसतं हिणवायला घासत असणार." त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. "अक्षर बघ कसं लटपटतंय. मी उभा जन्म पेशंट पाहण्यात घालवलाय. या बिचारीने धसका घेतलाय. तिला धड जेवायला तरी मिळतं की नाही, देव जाणे."

स्वयंपाक मीच करते, असं पडदेवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

नुसत्या प्रार्थनेवर थांबतील त्या मेट्रन कसल्या? सोमवारपासून त्यांनी त्या अभागी बाईचा शोध सुरू केला. बुधवारी त्या पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, घरी गेल्या. तिथे पाळकांच्या मावशी तीन महिने मुक्कामाला होत्या. मेट्रनताईंनी त्यांना अर्धा तास समोर बसवून पाहुण्याचं कर्तव्य समजावलं. संध्याकाळी मावशी बॅग घेऊन गेल्या. गुरुवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याचे सासरेही आपल्या घरी परतले. शुक्रवारी पाळकबाईंनी रस्त्यात पडदेवालीचे हात धरले. "तुमच्या नणंदेला देवानेच पाठवलंय," त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. "इतक्यात जाऊ देऊ नका हं त्यांना."

गावभरच्या खोल्या मोकळ्या झाल्या. पडदेवाली बोळातच. पडदे सतरा.

शनिवारी मेट्रनताईंनी तिला हाक मारली. "पाळकांच्या मावशी ती बाई नव्हेत गं. त्या म्हणाल्या, मी भांड्यांना हातसुद्धा लावत नाही. खरं सांगू? मी सोमवारचं तिकीट काढलं होतं."

"सोमवारचं?" पडदेवालीने विचारलं.

"पण आज रद्द करून आले. ती पोरगी अशी अडकलेली असताना मी कशी जाऊ?"

पडदेवालीने सगळा धीर गोळा केला. "ताई, ती चिठ्ठी लिहिणारी... समजा, ओळखीतलीच निघाली तर?"

"मग तर बरंच. सांग तिला, कुणीतरी तिच्यासाठी रोज तासभर गुडघ्यांवर असतं. गुडघे पार गेलेत माझे, पण करते. माझ्या वाईट दिवसांत माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं."

पडदेवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते सुजलेले गुडघे आपल्यासाठी वाकतात, आणि आपण मात्र त्यांच्या तिकिटाची वाट पाहतो. हे आता कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय सांगितलं असतं, तर ते चाळीस मिनिटांचं भाषणही मंडळीला आठवलं असतं.

मेट्रनताई कण्हत खाली बसल्या आणि त्यांनी तिलाही हाताला धरून शेजारी बसवलं. "हे प्रभू," त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "ती बाई त्या घरातून निघत नाही, तोवर मी या घरातून हलणार नाही, असा शब्द देते. म्हण गं, आमेन."

पडदेवालीने बोळातल्या मशीनकडे एकदा पाहिलं.

"आमेन," ती म्हणाली. प्रार्थना तिनेच मागितलेली, नको कसं म्हणणार?