अस्वलाने सोडलेलं पोळं

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी देवभीरू होते. खोटं वाटतंय ना? वाटू दे. आधी ऐका, मग काय हसायचं ते हसा.

या जंगलाच्या मधोमध एक टेकडी होती. टेकडीच्या पायथ्याशी छोटंसं देऊळ होतं. देवळाच्या कौलावर क्रूस होता आणि देवळात फादर करकोचे होते. फादर एका पायावर उभं राहून मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी प्रार्थना, करायचे. दुसरा पाय ते अडीअडचणीसाठी पोटाशी राखून ठेवायचे.

वर्षातून एकदा तिथे उपासकाळ यायचा. येशू रानात चाळीस दिवस उपाशी राहिला, त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधी आपणही आवडीचं काहीतरी सोडायचं, जास्त प्रार्थना करायची, आणि आपल्या तोंडचं जे वाचेल ते गरजूला द्यायचं. रीत इतकी साधी. पण साधी रीत साधेपणाने पाळायची म्हटलं की शहाण्यांच्या पोटात दुखतं, त्याला आपण काय करणार?

पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, फादर सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढायचे. हत्तीचा नंबर लागला की राख संपायची. मग ज्याने त्याने पुढे येऊन आपण यंदा काय सोडलं ते मोठ्याने सांगायचं.

"मी काकडी सोडली," वाघ म्हणाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाघ बोलला की टाळ्या वाजवाव्याच लागतात.

"मी शुक्रवारी मांसाला शिवणार नाही. नुसत्या मासळीवर राहीन," मार्शाल म्हणाला.

हा मार्शाल म्हणजे नदीतलं पाणमांजर. जन्मात त्याने मासळीशिवाय दुसरं काही खाल्लं नव्हतं. पण तो देवळाच्या कमिटीचा चेअरमन होता, त्यामुळे त्यालाही टाळ्या मिळाल्या. माकडांनी मोबाईल सोडला. म्हणजे हातात धरायचा नाही, शेपटीत धरायचा. मोराने आरशात बघणं सोडलं आणि आपण आरशात बघत नाही हे तो दिवसभर सगळ्यांना कळवत सुटला.

मग उठला बस्त्याव अस्वल. ही गोष्ट त्याचीच आहे.

बस्त्याव मनाने वाईट नव्हता हं. भोळा होता, थोडा फुगीर होता, इतकंच. आणि त्याची एक इच्छा होती. गुड फ्रायडेला देवळापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत क्रुसाची वाट निघायची. सगळं जंगल गात, डोळे पुसत मागून चालायचं, आणि सगळ्यांच्या पुढे मोठा सागवानी क्रूस खांद्यावर घेऊन एकच जण चालायचा. ज्याचा उपास सगळ्यांत कडक, तो मान त्याचा. बस्त्यावच्या आजोबाने तो क्रूस वाहिला होता, बापाने वाहिला होता. बस्त्यावला मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी त्याने कारली सोडली होती आणि सगळं देऊळ खो खो हसलं होतं. ते हसणं त्याला फार लागलं होतं.

"मी मध सोडला," बस्त्याव म्हणाला.

अस्वलाने मध सोडला! फादरांनी दचकून दुसरा पाय खाली टेकवला.

आता हे सोडणं खरं होतं, त्यात वाद नाही. पण त्याने ते कसं सोडलं तेही ऐकून घ्या. आदल्या दिवशी इंत्रूज होता. इंत्रूज म्हणजे उपास सुरू होण्याआधीचा खाण्यापिण्याचा दिवस. उद्यापासून बंद, म्हणून आज तडस लागेपर्यंत खायचं. त्या एका दिवसात बस्त्यावने जंगलातली मधाची एकूण एक पोळी फस्त केली. कड्यावरची खाल्ली, वडावरची खाल्ली, ढोलीत हात घालघालून खाल्ली. एकच पोळं ठेवलं, सगळ्यांत मोठं. ते का ठेवलं? अरे, सोडायला! मधच समोर नसेल तर मी तो खात नाही हे लोकांना दिसणार कसं?

ते पोळं त्याने आपल्या गुहेच्या दारात वेलीने टांगलं आणि त्याच्याखाली बसून तो रोज प्रार्थना करू लागला. जाणारे येणारे थांबायचे. "धन्य आहे बाबा तुझी," म्हणायचे. बस्त्याव डोळे मिटायचा आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळायचा. त्याला त्रास होत होता, उगाच खोटं कशाला बोला. तो रोडावला. त्याची कातडी अंगावर ढगळ झाली. जंगलात बोललं जाऊ लागलं की यंदा क्रूस बस्त्यावचाच. ते ऐकलं की त्याची भूक जरा कमी व्हायची.

बस्त्यावच्या शेजारच्या बिळात कातरीनबाय साळिंदर राहायची. नवरा वारलेला. एकुलतं एक पोर, मिंगेल. उपासकाळ निम्मा सरला आणि मिंगेलचा घसा सुजला. कंद उतरेना, पाणी उतरेना. पोर नुसतं टकामका बघत पडून राहिलं. घुबड वैद्याने घसा बघितला आणि मान फिरवली.

"याला मध चाटव," वैद्य म्हणाला. "बोटाबोटाने, दिवसभर. दुसरं काही याच्या घशाखाली उतरायचं नाही. आणि उशीर करू नको बाई, पोर हातचं जाईल."

कातरीनबाय जंगलभर धावली. एक पोळं मिळेल तर शपथ. पोळी कुठे गेली ते तुम्हाला ठाऊकच आहे. शेवटी ती बस्त्यावच्या दारात आली.

"भाऊ, त्यातला एक तुकडा द्या. जास्त नको. माझा मिंगेल जातोय हो."

बस्त्याव गडबडीने उठला. मिंगेल त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेला होता. त्याने पोळ्याकडे हात नेलासुद्धा. पण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, तुकडा तोडलेलं पोळं लोक बघतील. काय म्हणतील? म्हणतील, बस्त्यावला राहवलं नाही. हात तिथेच थांबला.

"बाय," तो म्हणाला, "हा मध आता माझा नाही. मी तो देवासाठी सोडलाय."

"सोडलाय ना? मग तुम्हाला नकोच आहे. द्या की!"

"नको असं कोण म्हणालं? हवाय म्हणून तर सोडलाय. तो इथे आहे तोवर माझं सोडणं चालू आहे. तू नेलास तर मी सोडू काय?"

कातरीनबायला हे काही कळलं नाही. तुम्हाला कळलं का? नाही ना? मग तुमचं अजून बरं चाललंय.

"असं कर, ईस्टरच्या सकाळी ये," बस्त्याव म्हणाला. "पहिला तुकडा मिंगेलला. शब्द देतो तुला."

"ईस्टरपर्यंत तो राहिला तर ना!" कातरीनबायच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. बस्त्याव दोन पावलं मागे सरला आणि हे आपल्या एकट्याच्याने ठरायचं नाही, असं म्हणून कमिटीकडे गेला.

कमिटी बसली. चहा झाला, तळलेली मासळी झाली. "पण जे वाचेल ते गरजूला द्यायचं असतं," फादर करकोचे चाचरत म्हणाले.

"वाचेल ते, फादर," मार्शालने त्यांना समजावलं. "हा मध वाचलेला कुठे आहे? हा राखलेला आहे. ईस्टरनंतर उरला तर वाचला म्हणता येईल. आज एकाने उपासातला मध दिला तर उद्या कुणीही उठेल आणि कुणालाही काहीही देत सुटेल. मग देवळाला शिस्त काय राहिली?"

वाघाने मान डोलावली, म्हणून सगळ्यांनी डोलावली. ठराव झाला. मधाला कुणी हात लावायचा नाही, आणि येत्या शुक्रवारी मिंगेलसाठी सगळ्या जंगलाने मिळून खास प्रार्थना करायची. बस्त्यावच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने ठरवलं, आपण सगळ्यांत जोरात प्रार्थना करायची.

शुक्रवारी भर दुपारी सगळे देवळात जमले. सगळे म्हणजे एक सोडून. कैतान तरस बाहेर खिडकीखाली बसला होता. त्याच्या अंगाला वास यायचा, शिवाय तो भलत्या वेळी हसायचा, त्यामुळे त्याला आत घेत नसत. कैतान मेलेलं काही सापडलं तर खायचा. आठवड्यातले निम्मे दिवस त्याला तेही मिळायचं नाही. पण ते उपासात धरले जात नसत, कारण त्याने ते कुठे जाहीर केले नव्हते.

आत मार्शाल हात पसरून, गहिवरून प्रार्थना करत होता. "हे प्रभो, या लेकराला मध हवा आहे! आता तूच कुठून तरी पाठव!"

बस्त्याव सगळ्यांत जोरात 'आमेन' म्हणाला.

कैतानने बाहेर कान खाजवला. मध तर बस्त्यावच्या दारात टांगलाय, एवढ्यासाठी देवाला कशाला उठवायचं, असं त्याला वाटलं. तो उठला, बस्त्यावच्या गुहेकडे गेला, वेल दातांनी तोडली आणि पोळं नेऊन कातरीनबायच्या पुढ्यात ठेवलं. कातरीनबाय पोराला सोडून देवळात गेली नव्हती. तिने मिंगेलच्या जिभेवर पहिलं बोट ठेवलं. मग दुसरं. पोराने घोट गिळला तशी ती हमसून हमसून रडायला लागली.

बस्त्याव घरी आला तर दारात नुसती वेल लोंबत होती.

"चोरी!" तो ओरडला. "अरे, माझा त्याग चोरीला गेला!"

चोर शोधावा लागला नाही. कैतान कातरीनबायच्या दाराशीच पंजे चाटून साफ करत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याला कमिटीपुढे उभं केलं.

"मध तू घेतलास?" मार्शालने विचारलं.

"घेतला."

"त्यातला किती खाल्लास?"

"मी कशाला खाऊ? पंजाला लागलेला चाटला, तोही थुंकला. मला मध आवडत नाही."

"बघा!" मार्शाल टाळी वाजवून म्हणाला. "आवडतच नाही, तर यात याचा त्याग कुठला? आवडत नाही ते न खायला काय अक्कल लागते?" हे पाणमांजर बोललं बरं का, बाळांनो.

"कैतान, तुला पश्चात्ताप होतोय का?" फादरांनी हळूच विचारलं. 'हो' म्हण, असं ते डोळ्यांनी सांगत होते.

"सकाळी पोर हसलं, फादर," कैतान म्हणाला. "कसला पश्चात्ताप?" आणि तो स्वतःही हसला. तिथेच त्याचं भलत्या वेळी हसणं नडलं.

कातरीनबाय पुढे होऊन काही बोलणार होती. मार्शालने तिला तिथल्या तिथे थांबवलं. "बाय, चोरीचा माल तू घेतलास. लेकुरवाळी म्हणून आम्ही तिकडे कानाडोळा करतोय. तू तोंड उघडू नकोस." तिने मिंगेलकडे बघितलं आणि तोंड मिटलं. कैतानने गुड फ्रायडेच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जंगल सोडावं, असं ठरलं.

"पण माझं काय?" बस्त्याव रडकुंडीला आला होता. "माझा उपास अर्ध्यावर राहिला. क्रुसाचं काय?"

मार्शालने मिशांवरून पंजा फिरवला. "उपास तू केलास. प्रार्थना केलीस. दान तेवढं राहिलं होतं. आता सांग, मध कुणाचा?"

"माझा."

"गेला कुणाच्या पोटात?"

"मिंगेलच्या."

"मग दान कुणी केलं?"

"बस्त्यावने!" सगळं देऊळ एका आवाजात ओरडलं. टाळ्याच टाळ्या. बस्त्यावला आधी कुठे बघावं ते कळेना. मग त्याने जमिनीकडे बघितलं, ते सगळ्यांना फार नम्र वाटलं. संध्याकाळपर्यंत लोक त्याच्या पाया पडून गेले. दुसऱ्या दिवसापर्यंत तर आपण तो मध कसा दिला, हे त्याला थोडं थोडं आठवूही लागलं.

गुड फ्रायडे आला. ऊन रणरणत होतं. बस्त्यावने क्रूस खांद्यावर घेतला आणि गाणी सुरू झाली. क्रूस वाहताना येशू तीनदा पडला, म्हणून वाटेत तीनदा पडायचं असतं. बस्त्याव दोनदा रीतीप्रमाणे पडला. तिसऱ्यांदा मात्र त्याचे पाय खरोखरच गेले. उपाशी अंग ते, क्रुसाच्या ओझ्याखाली तो आडवा झाला आणि त्याला श्वास घेता येईना. मागे सगळे हुंदके देत म्हणाले, "काय पडतोय! हुबेहूब!" पुढे कुणीच आलं नाही.

त्याच वाटेने कैतान जंगलाबाहेर निघाला होता. त्याने बघितलं, वाकला आणि क्रुसाखाली खांदा दिला.

"ऊठ भाऊ," तो म्हणाला.

बस्त्याव उठला. त्याला श्वास आला, आणि श्वासाबरोबर तो वासही आला.

"ए, हो बाजूला!" मागून मार्शाल खेकसला. "क्रुसाला शिवतोस?" कैतान बाजूला झाला आणि टेकडीच्या पलीकडच्या उताराला लागला.

कातरीनबायचं बोट धरून मिंगेल क्रुसाच्या मागे पहिल्याच रांगेत चालत होता. गालाला मांस धरलं होतं पोराच्या.

"आई," तो म्हणाला, "मध आणला तो बघ!"

"हो रे राजा," आसपासचे कौतुकाने म्हणाले आणि बस्त्यावकडे बोट दाखवू लागले. "तोच हा!"

"हा नाही," मिंगेल म्हणाला. "तो. तो चाललाय तो."

कातरीनबायने उताराकडे बघितलं. मग मार्शालकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता. तिला याच जंगलात पोर वाढवायचं होतं.

"गप," ती म्हणाली. "क्रुसाच्या वाटेत बोलायचं नसतं."

बस्त्यावने हे सगळं ऐकलं. कैतान अजून लांब गेला नव्हता, एक हाक मारली असती तर पोचली असती. बस्त्यावने क्रूस एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि गाण्याचा आवाज चढवला.

तात्पर्य: उपासकाळात आपल्या सगळ्यांत आवडीची वस्तूच सोडावी, आणि ती कुणाच्या पोटात जाणार नाही याची काळजी घ्यावी. चुकून गेलीच, तर दान आपलं आणि चोरी नेणाऱ्याची.