जंगलूजींचं भेव

पोराच्या पत्राची जंगलूजी पंधरा पंधरा दिवस वाट पाहायचे, आणि ते पत्र घेऊन डाकवाला आला की कापसाच्या गंजीमागे लपायचे.

लपायचे म्हणजे अगदी खरोखर. आर्णीपासून सात-आठ मैलांवर आमचं गाव. गावाबाहेर एका शेठजींचं, कापसातली सरकी काढायचं लहानसं जिन होतं आणि जंगलूजी तिथं कापसाच्या गंजीवर कामाला होते. डाकवाला शेषराव फाटकातून आत आला, की हा सहा फुटी माणूस गंजीमागे उकिडवा बसायचा आणि तिथूनच उलटतपासणी सुरू करायचा.

"शेषराव, तार तं नाई न?"

"नाई."

"कार्ड का पाकीट?"

"पाकीट. विमानाचं."

"कोपरे पाहा बरं."

"चारही शाबूत हायेत, जंगलूजी. या आता भाईर."

मयताची खबर असलेल्या पत्राचा कोपरा फाडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. ज्याला वाचता येत नाही त्यालाही पत्र हातात पडताच कळावं, म्हणून. चार कोपऱ्यांची हमी मिळाली की जंगलूजी बाहेर येत, हात धोतराला पुसत आणि पाकीट घेऊन तडक माझ्याकडे शाळेत येत.

मी गावचा मास्तर, आणि पोस्टमास्तरही मीच. लहान गावात ही दोन्ही ओझी सरकार एकाच माणसाच्या डोक्यावर देत असे. एसटीनं डाकेची पिशवी यायची, मी शिक्के मारायचो, शेषराव वाटायचा. तिसरा उद्योग मी आपणहून ओढवून घेतला होता, तो म्हणजे परदेशी तिकिटं जमवण्याचा. तेव्हा जंगलूजींना पत्रं वाचून दाखवण्यात माझा निव्वळ परोपकार होता असं कोणी समजू नये. वाचून झालं की पाकिटावरचं तिकीट माझं, हे आमचं न बोलता ठरलेलं होतं.

पत्रं यायची जर्मनीहून. जंगलूजींचा एकुलता एक मुलगा वसंता तिथल्या विद्यापीठात कापडाच्या रंगांचं शास्त्र शिकत होता. चौथीपर्यंत तो माझ्याच हाताखाली होता. पुढं यवतमाळ, मग नागपूर, मग सरकारची शिष्यवृत्ती मिळून एकदम विमान. पोरगं जसजसं लांब गेलं तसतसं बापाचं भेव वाढत गेलं.

तसा हा माणूस मुळातच भित्रा. विहिरीत कधी डोकावणार नाही. एसटीत दाराजवळ बसणार नाही. जिनात कोणीही आलं की आधी त्याचं तोंड हुंगणार, कारण विडी ओढून आला असेल तर कापूस पेटेल. एकदा त्यांनी खुद्द शेठजींचं तोंड हुंगलं होतं. आणि कोणत्याही बोलण्याची सुरुवात ठरलेली, "पन समजा..."

छप्पन साली नागपूरला जाऊन ते दीक्षा घेऊन आले, तेव्हा घरातले देव त्यांनी नदीत सोडले आणि भुताखेतांनाही कायमची रजा दिली. मी म्हटलं, "चला, आता तरी तुमची भीती गेली असेल."

ते गंभीरपणे म्हणाले, "देव गेले, भुतं गेले, पन भेव नाई गेलं, गुरुजी. पयले कसं, मुंज्याचं भेव मुंज्याच्या झाडापाशीच राहे. आता थे मोकळं झालं. घरभर फिरून राह्यलं."

मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत.

त्या मोकळ्या भेवाला वसंताच्या पत्रांनी भरपूर चारा दिला. वसंता बिचारा साधंच लिहायचा. चौथ्या मजल्यावर छपराखाली खोली आहे. घरमालकीण म्हातारी विधवा आहे, कडक आहे पण मायाळू आहे. अंघोळ शनिवारी. कोळसा तळघरातून आपणच वर आणायचा. दुधाची बाटली खिडकीबाहेर ठेवली की नासत नाही. मी वाचायचो आणि दर वाक्याला अडायचो.

"पन समजा, दूध काढाले वाकला अन् तोल गेला तं? चौथा माळा म्हनता न?"

"बाटली हाताशी असते, जंगलूजी."

"बरं, वाचजा समोर."

वसंतानं लिहिलं होतं, की इथली पाव-भाकर काळी असते. जंगलूजींना वाटलं, परक्या पोराला जळकी भाकर देतात. पिसांची दुलई असते म्हटल्यावर पिसं नाकात जाण्याचं भेव. एकदा त्यानं लिहिलं, की तास चांगला झाला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकं ठोकतात. त्यावर जंगलूजी म्हणाले, "म्हंजे मास्तर आवडला तं ठोकते. अन् नाई आवडला तं काय करत असन बापा?" एक मास्तर या नात्यानं मलाही जरा धास्तीच वाटली.

मग उत्तर. ते सांगायचे, मी लिहायचो. "खिडकीपाशी नको जाजो. दुलई नाकावर नको घेजो. सायकल घेतली म्हनतो तं घेतली, पन तिच्यावर नको बसजो, हातात धरून चालजो." खुशाली एक ओळ आणि सूचना दोन पानं. मी चेष्टेनं म्हणायचो, पोराला परीक्षेत हेच विचारणार आहेत वाटतं. ते म्हणायचे, "लिहा न गुरुजी, राहून नको जावाले."

त्या हिवाळ्यात एक पत्र आलं आणि जंगलूजींची झोपच उडाली. वसंतानं लिहिलं होतं, "यंदा थंडी फार आहे. नदी गोठली आहे. आम्ही सगळे नदीवरूनच चालत कॉलेजात जातो. पुलाचा वळसा वाचतो."

"काय म्हनलं? वाचजा पुन्हा."

मी पुन्हा वाचलं.

"पान्यावरून?"

"बर्फावरून. दगडासारखा घट्ट असतो तो."

"खाली पानी हाय न पन?"

"आहे."

"वाहतं?"

मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "हो, वाहतं."

त्या दिवशी त्यांनी दोन पानं सांगितली नाहीत, चार सांगितली, आणि चारही पानांत एकच गोष्ट होती. पुलावरून जाजो. नंतर रोज शाळेत येऊन विचारायचे, "पोचलं असन काय आपलं पत्र? पन समजा, पोचाच्या आंधी बरफ फुटला तं?" मी त्यांची समजूत घालता घालता कंटाळलो, आणि खरं सांगायचं तर थोडा वैतागलोही.

याच सुमारास त्यांच्या बायकोचं, गिरजाबाईंचं, यवतमाळला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. डॉक्टरांनी बजावलं, पट्टी सुटेपर्यंत डोळ्यांत पाणी येता कामा नये, रडलात तर डोळे जातील. झालं, भेवाला नवं काम मिळालं. जंगलूजींनी स्वयंपाक आपल्या हातात घेतला आणि कांदा बंद केला. आपल्या घरातला तर केलाच, पण शेजारच्या दोन घरांत जाऊनही हात जोडून आले, "पंधरा रोज कांदा भाईर चिरजा, वारा इकडचा हाय." भेटायला येणाऱ्या बायांना दारातच सांगत, "वाईट खबर असन तं भाईरच ठेवजा."

आता माझ्या करणीकडे येतो.

यवतमाळला मास्तरांचं चार दिवसांचं शिबिर निघालं. तिथं माझ्यासारखाच एक तिकिटवेडा मास्तर यायचा होता आणि गेल्या खेपेला त्यानं मला फार खिजवलं होतं. मी निघणार त्याच दुपारी पिशवीतून वसंताचं पाकीट निघालं. त्यावर पाखराचं चित्र असलेलं मोठं, नवंकोरं तिकीट. बाहेर एसटी उभी, कंडक्टर घंटी मारतोय. तसंही ते तिकीट चार दिवसांनी माझंच होणार होतं. मी पाकीट झटकून आतलं पत्र दुसऱ्या बाजूला सरकवलं, कात्रीनं तिकिटासकट पाकिटाचा कोपरा उडवला, वहीत घातला, पाकीट शेषरावाच्या गठ्ठ्यात टाकलं आणि धावत एसटी पकडली. आयुष्यभर कोपरे फाडलेली कार्डं हाताळणारा मी, पण तेव्हा मला फक्त पाखरू दिसलं.

शिबिरात तिकिटानं चांगला भाव खाल्ला. चौथ्या दिवशी मी परतलो. फाट्यावरून गावात येताना जंगलूजींचं घर लागतं. ओसरीवर खाटेवर गिरजाबाई बसल्या होत्या, डोळ्यांना पट्ट्या.

"गुरुजी काय? चपलीवरून वळखलं म्या," त्या म्हणाल्या. "तुमी नव्हते अन् वसंताचं पत्र आलं न."

"हो का? वाचलं कोणी?"

"ह्यायनं आनलं कोनाजवळून तरी वाचून. मले समदं सांगतलं. पोट्टा पुलावरून जाऊन राह्यला म्हनते आता. घरवाली बुढी त्याले रोज गरम रस्सा देते. मोठा कोट घेतला, लाल रंगाचा." त्या हसल्या. "कधी नाई इतके बोलून राह्यले हे. सकाळी सांगते, जेवताना सांगते. एकच पत्र, पन रोज काहीतरी नवीन निंगते त्याच्यातून. बोलून बोलून आवाज बसला, सर्दी झाली म्हनते."

मला नवल वाटलं. वसंताचं पत्र माझ्याशिवाय दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं? तेही या माणसानं? कोपरे मोजल्याशिवाय जो पाकिटाला हात लावत नाही...

आणि मग मला आठवलं. तो कोपरा माझ्या वहीत होता.

मी जिनाकडे पळत सुटलो. धोतर सावरत पळणारा मास्तर पाहून पोरं हसत होती, ते ऐकू येत होतं. शेषरावानं नंतर मला सांगितलं, "गंजीमागून त्यायनं इचारलं, कोपरे पाहा. म्या पाह्यलं अन् माह्या तोंडातून शब्दच नाई निंगाला. पाकीट तठीच ठेवलं अन् आलो निंगून."

जंगलूजी गंजीजवळ बसले होते. मी जवळ गेलो तरी माझं तोंड त्यांनी हुंगलं नाही. चार दिवसांत गालफडं बसली होती. मला पाहून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. ते फोडलेलंच नव्हतं.

"वाचू नका, गुरुजी," ते म्हणाले. आवाज खरंच बसला होता. "आखीन आठ रोज. हिची पट्टी सुटू द्या. मंग वाचजा, मंग आमी दोघंबी संगच आयकू."

"जंगलूजी, तो कोपरा—"

"म्या पाह्यला कोपरा."

"तो मी कापला हो! मी! तिकिटासाठी कापला!"

त्यांना कळलंच नाही. मी वही काढली, त्यातलं तिकीट काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या थोबाडीत देणार, आणि द्यावीच असं वाटत होतं. त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं आणि तो तुकडा त्या कापलेल्या जागी लावला. अर्धा शिक्का तिकिटावर होता, अर्धा पाकिटावर. दोन्ही अर्धे जुळले. त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"वाचजा," ते म्हणाले.

मी पाकीट फोडलं. पत्रात काय आहे ते मलाही कुठं ठाऊक होतं? आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं, पण समजा, खरंच काही...

अक्षर वसंताचं होतं. मी मोठ्यानं वाचू लागलो. "बाबा, तुमचं चार पानी पत्र मिळालं. पण नदीवरून जाणं मी काही सोडलेलं नाही. इथं सगळेच जातात. काल घरमालकीण आजीसुद्धा भाजीची पिशवी घेऊन माझ्यासोबत नदीवरून आल्या. मधोमध पोचल्यावर त्यांनीच माझा हात धरला, मी घसरेन म्हणून. परवा तोंडी परीक्षा झाली, पास झालो. मित्रांनी बाकं ठोकली. मोजे फाटले आहेत, आईची आठवण येते. तिच्या डोळ्यांचं कळवा."

मी भीत भीत वर पाहिलं. नदीवरून जाणं सोडलेलं नाही, हे ऐकून आता काय होणार?

जंगलूजींचे दोन्ही गाल ओले झाले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "चालून राह्यला न," ते म्हणाले. "थो चालून राह्यला, गुरुजी."

मी त्यांची माफी मागितली. ते नुसते मान हलवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "हिले पुलाचंच राहू द्या. अन् लाल कोटाचं बी. तिनं पाह्यला थो कोट चार रोज."

संध्याकाळी ते उत्तर सांगायला शाळेत आले. मी सवयीनं चार कागद काढून ठेवले आणि टाक शाईत बुडवला.

"लिहा," ते म्हणाले, "पत्र भेटलं."

मी लिहिलं आणि थांबलो. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"पुढं? नदीचं काय लिहू?"

"काई नाई. पत्र भेटलं, एवढंच लिहा."