अजगराला शेक

आमच्या घरात माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही, हे मी अगदी छातीठोकपणे सांगू शकते! उन्नती रांगायला लागली त्या दिवशीच मी टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवले. प्लगच्या भोकांना चिकटपट्टी लावली. पायपुसणंसुद्धा डेटॉलने धुतलं. आमचे हे, म्हणजे सुमेध, मला ‘सुरक्षा मंत्रालय’ म्हणायचे. म्हणोत बापडे!

अशा घरात दोन हजार दोनच्या जानेवारीत एक अजगर मुक्कामाला आला.

सुमेधला तेव्हा सर्पमित्र व्हायचं खूळ लागलं होतं. गुरू होता आमच्या वसईजवळच्या भुईगावचा हिलरी. दिवसा बँकेत, बाकीचा वेळ लोकांच्या न्हाणीघरात साप शोधत. हिलरीच्या शेजारच्या वाडीत कोंबड्यांच्या खुराड्याजवळ हा अजगर सापडला. वनखात्याला फोन करून कळवलं, तर त्यांची गाडी सोमवारी येणार! आणि हिलरीच्या घरी धाकट्या भावाचं, प्लासिडचं लग्न. अंगणात मांडव, घरभर पाहुणे.

“मग तो लग्नाला नको म्हणून आपल्याकडे?” मी विचारलं.

“फक्त सोमवारपर्यंत,” सुमेध म्हणाला. “आतल्या खोलीत, कडीकुलपात.”

माझ्या सासूबाई तेव्हा कुडाळहून आलेल्या होत्या. त्यांनी अजगराच्या पेटीकडे पाहिलं, उन्नतीला कडेवर घट्ट धरलं आणि निकाल दिला, “ह्या घरात एक जरी गडबड झाली ना गो, तर मी पोरीला घेऊन कुडाळला जातंय. तुमचं हे सापाचं वेड सुटलं की या न्यायला!”

त्या बोलतात ते करतात. दिरांच्या टायफॉइडच्या वेळी नातवाला घेऊन गेल्या, तो शाळा सुरू व्हायलाच परत आला, आणि येताना आईला ‘काकी’ म्हणत आला! नाही म्हणजे नाही, गडबड होऊच द्यायची नाही.

मी हिलरीला समोर बसवून त्याची तोंडी परीक्षाच घेतली.

“वहिनी, सोप्पं आहे,” तो म्हणाला. “एवढ्या मोठ्या अजगराला कधी एकट्याने हाताळायचं नाही. दोघं तरी पाहिजेत. गळ्यात घालायचा नाही, फोटोसाठीसुद्धा. हाताला कोंबडी-मासळीचा वास नको, नाहीतर हातच त्याला जेवण वाटतो. आणि विळखा बसलाच तर शेपटीकडून सोडवायचा. तोंडाकडून ओढलंत तर तो आणखी आवळतो.”

“का?”

“का म्हणजे?”

“शेपटीकडूनच का?”

“तिकडे जोर कमी. आपण ओल्या साडीचा पीळ टोकाकडून उलगडतो ना, तसं.”

“आणि तो डोळे का मिटत नाही?”

“पापण्याच नाहीत वहिनी त्याला.”

“मग झोपलाय की जागा आहे, हे त्याच्या आईला कसं कळतं?”

हिलरी चहा अर्धा टाकून निघाला.

पण खरं सांगते, मला त्या प्राण्याचं भयंकर कुतूहल वाटू लागलं. पेटीच्या एका बाजूला जाळी होती, तिथून मी बघत बसायची. अंगावर काय नक्षी! माझ्या लग्नातल्या शालूवर नव्हती. श्वास घेताना त्याची एक बाजू हळूच फुगायची. जीभ बाहेर यायची, हवेची चव घेऊन आत जायची. भीती एका डोळ्यात आणि उत्सुकता दुसऱ्यात, असं माझं चाललं होतं.

रविवारी सकाळी सुमेध लग्नाला गेला. सासूबाई उन्नतीला कोवळं ऊन दाखवायला गच्चीवर घेऊन गेल्या. मी सवयीने जाळीतून डोकावले तर अजगर हलेना! जीभ नाही, काही नाही. जाळीला हात लावला तर गार. त्या वर्षी वसईत थंडीही अशी पडली होती की खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागायची.

आता मला सांगा, घरात तान्हं मूल असलेल्या बाईला गार पडलेला जीव दिसला तर ती काय करेल? शेक देईल! मीही तेच केलं. पिशवीत गरम पाणी भरलं, बूच घट्ट लावलं. पण उघड्या रबराचा चटका बसला तर? उन्नतीच्या शेकाला मी दुपटं गुंडाळते, दुपटी सगळी वाळत होती. हाताला लागला तो उन्नतीचा गुलाबी स्वेटर, सासूबाईंनी विणलेला. घातला पिशवीला! अगदी मापात बसला.

झाकण फटीएवढं उघडून मी पिशवी आत सरकवली आणि कडी लावली. एकट्याने हाताळायचं नाही हा नियम मी मोडला नव्हता. मी हाताळलं पिशवीला!

मग कोंबडीला वाटण लावायला स्वयंपाकघरात गेले. खोबरं भाजून होतंय तोच पॅसेजमधून किंकाळी आली.

“राधिकाऽऽ! मारियामाते! अगं धाव! बाळाला धरलंय त्याने!”

समोरच्या क्लारा आंटी! आतल्या खोलीची खिडकी पॅसेजमध्ये उघडते. त्यांनी सहज डोकावलं होतं. मी खोलीत धावले. पेटीत अजगराने चार वेटोळी घातली होती आणि मधून गुलाबी स्वेटरच्या दोन बाह्या बाहेर लोंबत होत्या.

आता लाजत कबूल करते. स्वेटर मीच घातला होता. पिशवी मीच भरली होती. पण त्या क्षणी मलासुद्धा ते खरं वाटलं! “उन्नतीऽऽ!” म्हणून मी असा हंबरडा फोडला की खालच्या मजल्यावरचे लोक भूकंप समजून बाहेर पळाले. पाळणा पाहिला, रिकामा! पलंगाखाली पाहिलं. वॉशिंग मशिनमध्ये पाहिलं. तांदळाच्या डब्यात का पाहिलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

“काय गो झालं?” दारात सासूबाई उभ्या. कडेवर उन्नती, तोंडात स्वतःचा अंगठा.

मी तिला घेऊन इतकी रडले की ती घाबरून रडायला लागली. तिला बघून क्लारा आंटी रडायला लागल्या. दारात अर्धी बिल्डिंग जमली. सासूबाई मात्र शांतपणे जाळीकडे गेल्या.

“हा माझा स्वेटर ना?”

“हो.”

“आत काय आहे?”

“गरम पाण्याची पिशवी,” मी पुटपुटले. “त्याला थंडी वाजत होती.”

सासूबाईंनी नुसता माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. त्या कटाक्षात मला कुडाळची एस्टी स्पष्ट दिसली.

“अगं, तो पिशवी गिळेल!” क्लारा आंटी खिडकीतून ओरडल्या. “पोटात फुटली तर मरेल बिचारा! मग उद्या वनखात्याच्या साहेबांना काय सांगणार?”

हिलरीच्या घरी फोन लावला. कुणीतरी उचलला, पण पलीकडे बँड इतका जोरात की, “अजगर! अजगर!” म्हणून मी ओरडले तर समोरचा म्हणाला, “हो हो, या ना, जेवण सुरू आहे!”

दोघं तरी पाहिजेत. घरात दोघीच होतो.

“आई,” मी म्हणाले, “शेपूट धराल?”

“सुनेच्या घरी येऊन हेच करायचं राहिलं होतं,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

“आधी हात धुवा. साबणाने.”

“मी सकाळी सुके बांगडे साफ केलेत ते...”

“दोनदा धुवा!”

मीही वाटणाचे हात खरवडून धुतले. उन्नतीला क्लारा आंटींकडे दिलं, दार आतून लावलं, झाकण उघडलं.

तो चिकट असेल असं मला वाटलं होतं. अजिबात नाही! कोरडा, गुळगुळीत, जड. कातडीखाली काहीतरी हळूहळू सरकत होतं, जशी पोटातली उन्नती सरकायची. भीती विसरून मी म्हणाले, “आई, बघा ना, पोटाला हात लावून बघा!”

“तू पिशवी सोडव मेले! डोहाळजेवण नको करू त्याचं!”

मी एका हाताने डोक्यामागे आधार दिला. सासूबाईंनी शेपटीकडून एकेक वेटोळं उलगडलं. एक सुटलं, दुसरं सुटलं. सुटलेली शेपटी त्यांच्या मनगटाला गुंडाळली. “ह्याला काय मी बांगडी भरायला बसलेय?” त्या म्हणाल्या आणि तेवढ्यात घाबरलेल्या अजगराने सासूबाईंच्या नव्या वायल साडीवर जे काही केलं, त्याचं वर्णन मी करणार नाही. वास मात्र खालच्या मजल्यापर्यंत गेला. सासूबाईंनी शेपूट सोडली नाही!

पिशवी बाहेर, अजगर आत, कडी बंद. पॅसेजमध्ये टाळ्या वाजल्या. क्लारा आंटींनी छातीवर क्रूस काढला.

कुणाच्या तरी मोबाईलवरून निरोप पोचला आणि सुमेध-हिलरी कोटात, खिशाला लग्नाची फुलं लावून धापा टाकत आले. मी सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. हिलरीने पिशवी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, दाबली.

“वहिनी, बूच तसंच घट्ट आहे. आवळलं असतं तर हे छताला लागलं असतं!”

“म्हणजे?”

“तो आवळत नव्हता हो. कुशीत घेऊन शेकत बसला होता. मस्त झोप लागली असेल. कशाला उठवलंत त्याला?”

टाळ्या वाजवणारे एकेक करत आपापल्या घरी गेले.

सोमवारी वनखात्याची गाडी येणार त्या सकाळी मी उठले तर सासूबाई बॅग भरत होत्या.

“आई, एवढी एक वेळ माफ करा. उन्नतीला नका ना नेऊ.”

“उन्नतीला कोण नेतंय?” त्यांनी बॅगेची चेन ओढली. “तुझी पोर तुझ्याकडेच राहू दे. तू गच्चीपर्यंत ऐकू येईल असं ओरडतेस, तिला काय होतंय!”

मग त्या माझ्याजवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला.

“त्या हिलरीला जरा विचार गो. ह्याला एस्टीतून नेऊ देतात काय? आमच्या माळ्यावर उंदीर फार झालेत.”

विचारायला मीच गेले. नाही म्हणाला तो. पण बराच वेळ हसत होता.