कुमुदताईंच्या निळ्या पट्ट्या

आमच्या रायपूरच्या समता कॉलोनीतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजतो, तेव्हा कुमुदताई त्यातला वाटीभर चीक बाजूला काढतात आणि त्यात पोटॅशियम आयोडाइड घालतात. मग तो कागदाच्या पट्ट्यांना फासून, वाळवून, त्या पट्ट्या वर्षभर लागतील तशा सज्ज्याखाली सावलीत चिमट्यांनी लटकवतात. हवेत ओझोन जितका जास्त, तितकी पट्टी निळी-जांभळी पडते. त्यांच्याकडे पाहुणे कुरडई तोंडात घालण्याआधी तिचा रंग बघतात, हे मी स्वतः पाहिलंय.

ताईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. "वेळच नाही भेटला," म्हणतात. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे माझी शिकवणी फुकट होते. ओझोन वर आकाशात असला तर आपली छत्री, खाली नाकाशी आला तर घसा खवखवतो, एवढं मी आता झोपेतही सांगेन. कोणी सगळं खापर गाड्यांवर आणि कारखान्यांवर फोडलं, की ताई आडव्या येतात.

"त्यांचा दोष आहेच, मी काही त्यांची वकील नाही. पण निसर्ग काय कमी आहे? वीज कडाडली का त्यातून बनते. सागा-सालाची झाडं वाफा सोडून राहिली, त्या धुरात अन् उन्हात सापडल्या का झाला तयार. जंगल पेटलं का बनते. अन् कधी वरचीच हवा खाली उतरते, ती ओझोन सोबत घेऊनच येते."

हे कॉलोनीच्या बैठकीत ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "तो पेड़ कटवा दें, दीदी?" त्यांना गाडी लावायला जागा हवी होती. ताई म्हणाल्या, "सांस तो आप भी छोड़ते हैं, भैया. आपको कटवा दें?" त्यानंतर झाडांचा विषय निघाला नाही. अशी बाई आमच्या डोक्यावर राहते, हे मी सासुरवाडीलाही अभिमानाने सांगतो.

ताईंचे धाकटे भाऊ मनोहरराव. रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून ताईंकडेच राहणारे. दिवाळीनंतर त्यांचा खोकला वाढला. रायपूरची हवा सडली म्हणत ते जवळच्या अभनपूरला एका मित्राच्या बागेतल्या घरात राहायला गेले. ताईंना ते लागलं, पण त्या भांडल्या हवेवरून.

"बागेत हवा चांगलीच राहते, हे कोण सांगितलं तुले? इथं गाड्यांचा ताजा धूरच थोडा ओझोन खाऊन टाकते. वारा तो धूर घेऊन गावाबाहेर गेला का तिथं ओझोन अजून चढते."

"सिद्ध कर, दीदी. माझ्याकडची पट्टी तुझ्यापेक्षा निळी निघाली, तर बॅग उचलून परत येतो."

पडलो तरी नाक वर, असं हे खानदान. तेव्हापासून दर रविवारी सकाळी एक पट्टी सज्ज्याखाली, दुसरी मनोहररावांच्या घरी, आणि दोन्हींमध्ये माझी गाडी. संध्याकाळी ताई आपली पट्टी घेऊन माझ्या गाडीने अभनपूर गाठत. मनोहररावांची पट्टी दर खेपेला फिकी निघे. ताई परतीच्या वाटेवर ती पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत. पट्टीसोबत तळलेल्या कुरडयांचा डबाही जायचा. हवा मोजायला डबा कशाला, असं मी एकदा विचारलं. "पट्टी उपाशी लटकवत नाही मी," ताई म्हणाल्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी मात्र मनोहररावांची पट्टी जांभळासारखी गडद निघाली. ताईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? घे, पाह्य."

"हव," म्हणून मनोहररावांनी बॅग बाहेर आणली. ती भरलेलीच होती. ताईंचा चेहरा असा फुलला, की मलाच भरून आलं. पाणी प्यायला त्या आत गेल्या आणि तिथंच थबकल्या. कूलरच्या समोर दोरी बांधलेली होती, तिला चिमटा तसाच होता.

"पट्टी इथं लावली होती?"

"हव. इथंच जरा हवा लागते."

"कूलरची हवा ओली राहते. ओल लागली का रंग जास्त चढते. ही पट्टी धरता येत नाही."

"ताई, कोण विचारणार आहे?" मी पुटपुटलो.

"मी विचारून राहिली ना." त्यांनी पट्टी फाडली. "मन्या, बॅग आत ठेव. तू हरला नाही." मला त्यांचा राग आला, आणि अभिमान तर असा वाटला, की त्यांच्या पायाच पडावं.

मनोहररावांनी बॅग ठेवली नाही.

"ओलीचं मले माहीत आहे, दीदी. मी शाळेत होतो तेव्हा घरी तूच शिकवलं होतं."

"मग काहून लावली तिथं?"

त्यांनी दोरीवरचा चिमटा काढला.

"दुसरीकडे लावून पाहिली ना इतके रविवार. निळी होऊनच नाही राहिली."