चाखायचा परवाना

बाळाराम काकांनी जन्मात दारूला हात लावला नाही, आणि दारूच्या दुकानांसाठी इतकं कळकळीनं भांडणारा दुसरा माणूस मी भिवंडीत पाहिला नाही. मागणी एकच. वाइन शॉपवाल्यांना गिऱ्हाइकाला चाखायला द्यायचा परवाना मिळाला पाहिजे!

"मी राज्याच्या बजेटचं बोलतोय," हे त्यांचं पालुपद. धामणकर नाक्यावर रिक्षाची वाट बघणारा कुणीही त्यांना श्रोता म्हणून चालायचा. "आंबेवाला फोड देतो का न्हाय? मग बाटलीनंच काय घोडं मारलंय? मानूस चाखंल, पटलं तर घेईल. परवान्याची फी सरकारला, वर कर सरकारला. समझे क्या, भाईजान?"

भाईजान म्हणजे शिफ्ट सुटलेला कुणी पॉवरलूमवरचा कामगार. तो म्हणायचा, "चाचा, पहले ये गड्ढा तो भरवाओ."

"अरे, उसी पैसे से भरेगा!" काका खूश.

मी एकदा खोडी काढली. "काका, फुकट चाखून कुणी न घेताच गेला तर?"

"ती तूट," काका शांतपणे म्हणाले. "सगल्या बजेटांत असते."

बजेटच्या दिवशी ते खालच्या मजल्यावर आमच्याकडे टीव्हीसमोर ठाण मांडायचे, कारण त्यांच्या टीव्हीवर काकींची मालिका. दारूवरचा कर वाढला की मांडीवर थाप पडायची. "वाढवला बघ! पन चाखायला देनार न्हाय!" आणि माझ्या बायकोचा चहा गार करून रागारागानं निघून जायचे.

हळदीच्या घरी मात्र काकांना मोठा मान. आमच्या समाजात हळदीला बाटली लागतेच, आणि काका दरवेळी लाल वाइनची एक बाटली आहेर म्हणून नेत. फक्त ती फोडलेली असायची, घोटभर कमी. म्हातारा चोरून पितो, असं सगळे हसून म्हणत. मीही त्यातलाच.

मग एका संध्याकाळी सुक्या बोंबलांची चटणी द्यायला मी त्यांच्याकडे वर गेलो. वळ गावात त्यांच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं, भाडं सुरू झालं, तेव्हा काकांनी हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. इमारतीला लिफ्ट नाही आणि काकींचे गुडघे गेलेले. गावातलं अंगण सुटल्यापासून त्या खाली अशा उतरल्याच नव्हत्या.

काकी खुर्चीत बसल्या होत्या आणि काका नव्या बाटलीतली वाइन त्यांना चमच्यानं पाजत होते. "हीच का गो?"

काकींनी डोळे मिटून घोट घोळवला. "न्हाय. ती येगली व्हती."

काकांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या मुलाच्या हळदीला कुणीतरी नाशकाहून वाइन आणली होती. काकींनी एक घोट घेतला आणि पोट धरून हसल्या. "इतकी हसलेली मी तिला कंदी बघितली नव्हती. बाटलीचं नाव कोनाला आठवत न्हाय, म्हनून शोधतोय."

ते चहा ठेवायला आत गेले. काकींनी मला जवळ बोलावलं. "पयल्याच बाटलीला सापडली," त्या कुजबुजल्या.

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं तं तो नाक्यावरच बसंल. बाटली आनली का सांजभर माझ्यापाशी असतो."

चहा झाला. काका मला सोडायला जिन्यापर्यंत आले. "बोलली ना तुला?" ते हळूच म्हणाले. "मनाबी ठाव हाय. पयल्या बाटलीला ती तशीच हसली व्हती."

आता मात्र मी चक्रावलो. "मग परवान्यासाठी एवढा जीव का टाकता?"

काका कठड्याला टेकले. "तिला बारमधी नेता येतं का? दुकानात तं जालीतून बाटली घ्यायची, कागदात गुंडालायची नि निघायचं. परवाना आला का दुकानात खुर्ची येईल. तिला बसवीन. दुकानवाला इचारंल, काकी, कशी लागली? जलमभर हिनंच सगल्यांना वाढून इचारलं, कसं झालंय म्हनून. हिला कोन इचारतो?"

मी जिन्याकडे बघत विचारलं, "आणि हे तीन मजले?"

"म्हनून तं तुला सांगतो," काका म्हणाले. "तिच्या खुर्चीची एक बाजू तू धरायची."