पहिला तास

इनास सर रोज पहाटे सांडोर गावातल्या आपल्या केळीच्या बागेत उभे राहून खोकायचा सराव करत. छाती ठणठणीत होती. खोकला मुख्याध्यापकाचा होता.

त्यांचं म्हणणं असं, की खरा मुख्याध्यापक वर्गावर येतच नाही, त्याचा खोकला येतो. तो व्हरांड्याच्या टोकाला उमटला की आठवीतली मारामारी थांबली पाहिजे, आणि शिक्षकांच्या खोलीतली त्याच्याही आधी. "फार मोठा काढाल तर आजारी वाटतो, राऊत. फार बारीक काढाल तर सोयरीक घेऊन आल्यासारखा वाटतो." घरात सर एकटेच, म्हणून शेजारच्या मावशी बिचाऱ्या कुंपणावरून अडुळशाचा काढा पाठवत. सर तो पीत, आणि पुन्हा खोकत. एका रविवारी मिस्साला बसलेले असताना त्यांना तो नेमका जमून गेला. फादर प्रवचन करता करता मध्येच थांबले आणि चुकलं काय म्हणून कागद उलटून पाहू लागले. सर आठवडाभर खुशीत होते.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्तीला आले होते आणि विद्यापीठाने शिक्षकांसाठी शालेय प्रशासनाची पदव्युत्तर पदविका काढली होती. ती पास होईल त्यालाच खुर्ची, असं संस्थेने ठरवलं. अर्ज आम्ही दोघांनी केला. इनास सरांना मुख्याध्यापक व्हायचं होतं. मला रविवारी घराबाहेर राहायचं होतं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हे सांगितलं नसतं. मी काहीच कुणाला सांगत नसे.

दर रविवारी वसईतल्या एका शाळेत हा वर्ग भरे. मुंबईहून प्राध्यापक येत आणि अर्धं टक्कल पडलेल्या माणसांना शिस्त शिकवत. आम्ही मागच्या बाकावर बसून डुलक्या काढत असू, पण इनास सर पुढे. शिकलेली प्रत्येक गोष्ट ते सोमवारी वापरायला काढत. 'मुख्याध्यापकाने घाई दाखवू नये' हे ऐकल्यापासून ते एस.टी.साठी धावेनासे झाले. गाडी सुटताना दिसली तरी हे आपले हात मागे बांधून, जत्रेत फिरल्यासारखे. ओळखीचा कंडक्टर ओरडे, "सर, या की पटकन." सर मान हलवून त्याला जायची परवानगी देत.

प्रत्येक वाक्याआधी त्यांचं 'प्रशासनाच्या दृष्टीने' असेच. प्रशासनाच्या दृष्टीने चहा आधी ज्येष्ठांना. प्रशासनाच्या दृष्टीने सुकट पिशवीच्या तळाला. बागेत गेलो तर तिथेही तेच. "ही केळ बघा. नेमणुकीपासून नुसती पानं काढतेय. हिला समज दिलीय." घड उतरवलेल्या केळीवर कोयता टाकताना मात्र ते जरा ओशाळत. "हिची सेवा संपली," म्हणत आणि दुसरीकडे बघून घाव घालत. शाळेत आम्ही त्यांची नक्कल करून पोट धरून हसत असू. सर्वांत चांगली नक्कल माझी होती.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. एकाने मुख्याध्यापक व्हायचं, दुसऱ्याने शिक्षक, आणि विद्यापीठाचे परीक्षक बघणार मुख्याध्यापक प्रसंग कसा हाताळतो ते. सरांना प्रसंग मिळाला 'वारंवार उशिरा येणाऱ्या शिक्षकाची चौकशी'. शिक्षक म्हणून त्यांनी मला मागून घेतलं, कारण या विषयात माझा हात कुणी धरला नसता. खऱ्या शाळेतही माझ्या नावापुढे रोज लाल खूण असे.

बाहेर उभं करून त्यांनी मला पढवलं. "एस.टी. चुकली म्हणा. मी म्हणेन, रोज? तुम्ही उद्धट उत्तर द्या. मग मी मेमो देतो. मला दया दाखवू नका, राऊत. हा पेपर गेला तर माझं सगळंच गेलं." त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

आत गेलो. सर टेबलामागे बसले होते, इतके ताठ, की खुर्चीला पाठ आहे हे त्यांना माहीत नसावं. परीक्षकांनी पेन उघडलं.

"या, श्रीयुत राऊत," सर म्हणाले. "प्रशासनाच्या दृष्टीने, आपल्याला रोज उशीर का होतो?"

एस.टी. चुकली, एवढंच म्हणायचं होतं. पण हा प्रश्न मला तोवर कुणी असा समोर बसवून, उत्तराची वाट बघत विचारलाच नव्हता. आणि वाट बघायचं नाटक सरांना येत नव्हतं. ते खरोखरच वाट बघत होते.

मी म्हणालो, "वडिलांना आंघोळ घालतो, सर. त्यांना मी ओळखू येत नाही. दामू हाक मारतात. दामू म्हणजे माझा मोठा भाऊ. तो वारला. मी 'ओ' देतो. नाही दिली तर पाण्याला हात लावू देत नाहीत. मग आंघोळ होईस्तोवर दामूजवळ माझी तक्रार करतात. म्हणतात, 'तो बाळा बघ, बापाला हात म्हणून लावत नाही.' मी म्हणतो, 'हो बाबा, तो तसलाच आहे.' रोज त्यांना फसवतो, आणि रविवारी त्यांना बायकोवर टाकून इथे पळून येतो."

मागून कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, मी काम छान करतोय.

इनास सर हसले नाहीत. त्यांची पाठ हळूहळू खुर्चीला टेकली.

"आंघोळीनंतर काही खातात का?"

"पेज. भरवावी लागते."

"म्हणजे पहिला तास तुम्हाला गाठता येणारच नाही."

"नाही, सर."

"मग तो मी घेतो. तुम्ही दुसऱ्याला या. आणि पेज घाईने भरवू नका, ठसका लागतो."

परीक्षकांनी घसा साफ केला. "मेमोचं काय? हा शिस्तीचा प्रसंग आहे."

"मेमो देता येईल, सर," इनास सर म्हणाले. "पण मेमो दिला तरी पहिल्या तासाला वर्ग मोकळाच राहील."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, मी वाटोळं केलं." ते म्हणाले, "तुम्ही उद्धट बोलायचं होतं," आणि चालू लागले. एस.टी. समोरच उभी होती. ती त्यांनी जाऊ दिली.

त्यांना नापास केलं. कारण कळलं ते 'कणखरपणाचा अभाव'. उशिरा येणाऱ्या शिक्षकाला कणखरपणा लागत नाही, म्हणून मी पास झालो. पण वेळेवर न येणाऱ्याला मुख्याध्यापक करणार कोण? संस्थेने बाहेरून एक गृहस्थ आणले. ते खोकत नसत, थेट ओरडत.

प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा धापा टाकत शाळेत पोचलो, तर माझ्या वर्गातून इनास सरांचा आवाज येत होता. ते नद्या शिकवत होते. त्या दिवसापासून ते रोजच माझा पहिला तास घेऊ लागले. मी त्यांची नक्कल बंद केली.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी पहिल्यांदा शाळेची घंटा व्हायच्या आत पोचलो. इनास सर वर्गाच्या दाराशी खडू घेऊन उभे होते.

"सर, आता मी वेळेवर येत जाईन," मी म्हणालो. "तुम्ही सकाळी सावकाश निघा."

त्यांनी खडू माझ्यापुढे केला. मी तो धरला, पण त्यांनी खडू सोडला नाही.

"थोडे दिवस असंच चालू द्या ना," ते म्हणाले. "घरी बसून माणूस एवढ्या सकाळी करणार काय? भिंतीशी बोलणार?"

मला वाटलं, ते माझ्याविषयी बोलतायत. मी म्हणणार होतो, घरी बायको आहे, मुलं आहेत. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खडूवरचा हात मागे घेतला.

घंटा झाली. ते आत गेले. त्यांच्या मागोमाग मीही गेलो आणि शेवटच्या बाकावर, मुलांना जरा सरकायला सांगून, बसलो.