मुकुंदरावांची बिनछपराची फियाट

उत्तराची वरात उघड्या गाडीतूनच काढीन, असा शब्द मुकुंदरावांनी लेकीला ती एवढीशी असताना दिला होता. आता लग्न तोंडावर आलं, तरी त्यांच्या जुन्या फियाटचं छप्पर जागच्या जागी होतं. मग काय! मळमड्डीतून गाडी थेट गोकुळ रोडला, पांडुरंग मिस्त्रीच्या दारात.

"कापतो की, अण्णा! पण छप्पर गेलं की बॉडी ढिली पडती. खालनं लोखंडी पट्ट्या मारायला आठवडा पाहिजे."

"पट्ट्या लग्नानंतर मार. तू आधी काप!"

कटर फिरला, ठिणग्या उडाल्या, छप्पर उचललं गेलं आणि मुकुंदराव चक्क नाचले. आत बसून त्यांनी दार पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहिलं. काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं.

पण तेव्हा ते एकटे बसले होते. वरातीत स्टिअरिंगवर ते, शेजारी भटजी, मागे नवरा-नवरी आणि दोघांच्या मांडीवर करवल्या. सप्तापुरात काय थाट झाला म्हणून सांगू! खोल्या घेऊन राहणारी कॉलेजची पोरं गच्चीवरून शिट्ट्या मारत होती आणि उत्तरा दोन्ही हात वर करून ओरडत होती, "अप्पा, अजून एक चक्कर!"

गाडी नवरदेवाच्या, सुमंतच्या घरापुढे थांबली. दारात त्याची आई, गोदूबाई, माप भरून उभ्या. अक्षतांचा रंग फिका वाटला म्हणून परत रंगवायला लावणाऱ्या या बाई!

"चला, बेग बेग! माप ओलांडायचा मुहूर्त टळतोय!"

सुमंतनं दार ढकललं. उघडेना. लाथ मारली. छे! वजनानं गाडी मधोमध बसली होती आणि चारही दारं गच्च आवळली होती. माणसं उतरल्याशिवाय दारं उघडणार नव्हती आणि दारं उघडल्याशिवाय माणसं उतरणार कशी?

"अप्पा, मी मारते उडी," म्हणत उत्तरानं शालू खोचला.

"खबरदार!" गोदूबाई कडाडल्या. "नवी सून चोरासारखी उडी मारून येणार व्हय घरात?"

मुकुंदरावांनी बसल्या जागीच हात जोडले. पहिल्याच दिवशी लेक सासूच्या मनातून उतरली, आणि तीही आपल्या हौसेपायी! "विहीणबाई, चुकलं माझं..."

"ते मागनं बोलू! आधी गाडी वळवा, रिव्हर्स घ्या!"

"आँ?"

"डिकी ओट्याला लावा हो!"

डिकी ओट्याला भिडली. गोदूबाईंनी स्वतः तिच्यावर माप ठेवलं. उत्तरा सीटवर चढली, उजव्या पायानं माप लवंडलं, तांदूळ पार उंबऱ्यापर्यंत उडाले आणि ती डिकीवरून सरळ घरात! एकच टाळ्या पडल्या. मागोमाग बाकीचेही त्याच वाटेनं आले. गाडी हलकी झाल्यावर दारं निमूट उघडली.

मुकुंदराव घाम पुसत आत टेकले. सगळे होते, विहीणबाई तेवढ्या दिसेनात. इतक्यात बाहेर हॉर्न वाजला. ते धावले. मागच्या सीटवर मधोमध गोदूबाई, दोन्ही अंगांना त्यांच्या जावा, पुढे नणंद.

"आम्ही नवऱ्या झालो तेव्हा बसमधनं आलो, खाली मान घालून," गोदूबाई म्हणाल्या. "आज मान वर करून बघायचंय सगळं. हाणा गाडी, मुकुंदराव!"

"अहो, पण एवढं वजन! दारं परत अडकतील!"

"अडकू देत की! उतरायचंय कुणाला?"